मुलाच्या डोळ्यांतून सांगितलेला इतिहास खरा असतो का? (इटालियन कादंबऱ्यांच्या निमित्ताने)

पिंपळपान

व्हिओला आर्दोने यांची ‘मुलांची आगगाडी’ ही 2019 ची इटालियन कादंबरी इंग्रजीतून वाचली आणि दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. 1946 चं नेपल्स. अमेरिगो नावाचा सात-आठ वर्षांचा पोरगा आईच्या मागे गल्लीबोळांतून चालतोय आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट बघतोय. धड बूट दिसला की एक गुण, फाटका दिसला की एक गुण कमी, अनवाणी पाय म्हणजे शून्य. स्वतः मात्र दुसऱ्याचे उतरलेले बूट घालून फिरतो.

कथा कल्पित असली तरी गाड्या खऱ्या होत्या. युद्धानंतर कम्युनिस्ट पक्ष आणि इटालियन स्त्रियांची संघटना यांनी उपाशी मुलांना उत्तरेतल्या, विशेषतः एमिलिया भागातल्या घरांत काही महिने ठेवायची सोय केली. 1945 ते 1952 या काळात सुमारे 70 हजार मुलं अशी गेली. वस्तीत अफवा काय, तर तिकडे पोरांचे हात तोडतात, त्यांना रशियाला पाठवतात. गाडी सुटते तेव्हा मुलं अंगावरचे नवेकोरे कोट खिडकीतून आयांकडे फेकतात. घरी राहिलेल्या भावंडांना होतील म्हणून.

माझं स्पष्ट मत आहे की त्या काळाचा इतिहास सांगावा तर असा. मुलाला घोषणा कळत नाहीत, भूक कळते. त्यामुळे ते खोटं बोलत नाही.

खडूफळा

असहमत. कोटांच्या प्रसंगाला माझेही डोळे भरून आले, आणि तिथेच मी सावध झालो.

मूल निर्दोषच असतं. तीनशे पानं त्याचं बोट धरून चाललं की सगळा देशच निर्दोष वाटायला लागतो. जणू भूक आणि बॉम्ब आभाळातून पडले! मुसोलिनीची सत्ता वीस वर्षं चालली ती कुणाच्या जिवावर? 1926 पासून बालिल्ला या मुलांच्या संघटनेत आठ-आठ वर्षांच्या पोरांना फॅसिस्टांचे काळे सदरे घालून, हातात लाकडी बंदुका देऊन कवायत करायला लावत होते. त्यांना तिथे पाठवणारे आईबाप होतेच ना? 1935-36 मध्ये इथिओपियात इटलीच्या सैन्याने विषारी वायू वापरला. संरक्षण मंत्रालयाने ते 1996 मध्ये मान्य केलं, म्हणजे साठ वर्षांनी. अशा देशाच्या लेखकांनी पुन्हा पुन्हा लेकरांच्या नजरेच्या आडोशाला उभं राहावं, हे मला खटकतं.

इटालो काल्विनो या लेखकाचं उदाहरण घ्या. तो स्वतः वायव्य इटलीतल्या लिगुरियाच्या डोंगरात पार्टिझानांबरोबर, म्हणजे फॅसिस्ट आणि जर्मनांविरुद्धच्या गनिमी तुकड्यांबरोबर, लढला. 1947 च्या पहिल्या कादंबरीत त्याने पिन नावाचा उनाड पोरगा नायक केला, जो जर्मन खलाशाचं पिस्तूल चोरून कोळ्यांच्या घरट्यांपाशी पुरतो. पण मध्येच एका प्रकरणात पिन बाजूला राहतो आणि किम नावाचा पार्टिझानांचा राजकीय कमिसार (लढवय्यांना विचार समजावणारा अधिकारी) बोलतो. तो म्हणतो की गोळी झाडणाऱ्याच्या मनातला राग दोन्हीकडे सारखाच असतो, पण आपला राग माणसाला मोकळं करायला लागतो आणि त्यांचा बेड्या टिकवायला. हे पिनला सांगता आलं नसतं. काल्विनोला तिथे मोठा माणूस आणावाच लागला.

पिंपळपान

किमचा मुद्दा बिनतोड आहे, मानते. पण ‘नजरेच्या आडोशाला उभं राहावं’ हे एल्सा मोरान्ते या लेखिकेला लागू करून दाखवा! तिच्या 1974 च्या ‘ला स्टोरिया’ (म्हणजे ‘इतिहास’) या कादंबरीत दोन भाऊ आहेत. धाकटा उसेप्पे, जर्मन शिपायाने आईवर केलेल्या बलात्कारातून जन्मलेला. आणि थोरला नीनो? तो आधी काळा सदरा घालून मिरवतो, मग पार्टिझान होतो, मग काळ्या बाजारात शिरतो. वयात येणारा पोरगा वाऱ्याबरोबर कसा वाहतो, हे तिने लपवलेलं नाही. शिवाय दर भागाआधी त्या-त्या वर्षांतल्या जगाच्या घडामोडी कोरडेपणाने मांडल्या आहेत. दोष कुणाचा, ते त्यात आहे.

16 ऑक्टोबर 1943 ला रोममध्ये ज्यूंची धरपकड झाली. हजाराहून जास्त लोक आउश्वित्झच्या मृत्युछावणीत गेले, परतले 16. कादंबरीत उसेप्पेची आई, जिची स्वतःची आई ज्यू होती, त्याला घेऊन तिबुर्तिना स्टेशनवर पोहोचते. गुरांचे बंद डबे, आतून आवाज. तिचं लक्ष दोन वर्षांच्या पोराच्या चेहऱ्याकडे जातं आणि त्याच्या नजरेतली भीती तिला दिसते. किमचं भाषण मी विसरेन, ही नजर नाही.

खडूफळा

पण तुमच्याच उदाहरणात तिथे बघणारी आईच आहे ना? आणि ‘ला स्टोरिया’वर हाच आक्षेप तेव्हा इटलीतल्या डाव्या समीक्षकांनी घेतला होता, की ही रडवते, लढायला लावत नाही.

पिंपळपान

घेतला होता. पण सामान्य माणसाला परवडावं म्हणून तिने पुस्तक थेट स्वस्त आवृत्तीत, दोन हजार लिरांना काढायला लावलं, आणि ते घरोघरी वाचलं गेलं. लोकांना काय हवं होतं ते त्यांनी सांगितलंच की.

शाळामास्तरीण

तुम्ही दोघंही युद्धावरच अडलात. हाल युद्ध संपल्यावरही चालू होतेच. एलेना फेरान्तेच्या कादंबरीतली, नेपल्सची लीला घ्या. चांभाराची पोर, वर्गात सगळ्यांत हुशार, पाचवीनंतर शाळा बंद. हट्ट धरला म्हणून बाप खिडकीतून खाली फेकतो, हात मोडतो. बाप वाईट होता म्हणून सोडून देऊ नका. तेव्हा पुढच्या शाळेसाठी प्रवेश परीक्षा असायची, लॅटिन लागायचं. सगळ्या मुलांसाठी एकच माध्यमिक शाळा हा कायदा 31 डिसेंबर 1962 ला झाला. लीलाला तो फार उशिराचा. ती दुकानात बसून बुटांची चित्रं काढत राहते.

माझ्या वर्गातून दरवर्षी एखादी तरी मुलगी सातवी-आठवीनंतर गायब होते. म्हणून मला हे पुस्तक दूरचं वाटलं नाही. आणि सांगणारी कोण, तर साठी ओलांडलेली मैत्रीण. मूल बघतं, बाई सांगते. तुमचा वाद मला तिथे मिटलेला दिसतो.

काळनदी

थोडं अवांतर, पण राहवत नाही. मी माणगाव तालुक्याचा. आमचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, ब्रिटिशांच्या फौजेतून लढताना पडले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मराठा लाइट इन्फंट्रीची किती पोरं त्या चिखलात होती! पिन आणि नीनो वाचताना मला सारखं वाटायचं की याच महिन्यांत, याच मातीत कोकणातली पोरंही मोठी होत होती. त्यांच्या नजरेतून कुणी मराठीत लिहिलं असेल तर सांगा, मी आज मागवतो.

खडूफळा

काळनदी, ही कादंबरी खरंच हवी. आणि तिथे मी मुलाची नजरसुद्धा मान्य करेन, कारण त्या पोरांना युद्ध कुणाचं हे कुणी विचारलंच नव्हतं.

शाळामास्तरीणबाई, ‘मूल बघतं, बाई सांगते’ हे पटलं. पण मग पिंपळपानताई, आर्दोनेंचा शेवटचा भाग पुन्हा वाचा. तिथे 1994 साल आहे, अमेरिगो पन्नाशी ओलांडलेला आहे आणि मेलेल्या आईशी बोलतो आहे. मुलाची नजर पुरत असती तर त्यांनी हा भाग का लिहिला?

पिंपळपान

रात्री तोच भाग पुन्हा वाचला. उत्तरेतल्या घरी मिळालेलं व्हायोलिन आई पैशासाठी देऊन टाकते आणि पोरगा घर सोडून पळतो, तिथे मी पहिल्यांदा आईवर चिडले होते. या वेळी आईकडे काय-काय नव्हतं ते मोजत बसले, अमेरिगो बूट मोजतो तसं.