ओलेक्सांद्र मोरोझ : गद्दार की संसदेचा माणूस?

अरुंधती_के (धागाकर्ती)
युक्रेनच्या राजकारणाचा विषय निघाला की आपल्याकडे तिमोशेंको, यानुकोविच, झेलेन्स्की यांच्यापुढे गाडी जात नाही. माझ्या मते त्या देशाची राज्यव्यवस्था घडवण्यात ज्याचा सर्वात मोठा वाटा आहे, तो माणूस '२००६ चा गद्दार' या एका शिक्क्याखाली गाडला गेलाय. तो म्हणजे समाजवादी पक्षाचे ओलेक्सांद्र मोरोझ.

१९९४ ते ९८ ते वेर्खोव्ना रादाचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, सभापती होते. स्वतंत्र होऊन पाच वर्षं होत आली तरी देशाला नवी राज्यघटना नव्हती. जून १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष कुचमांनी थेट सार्वमत घेण्याचा धाक घातला, तेव्हा मोरोझनी २७ तारखेची बैठक उठूच दिली नाही. रात्रभर एकेक कलम मतदानाला. क्रिमियाचा दर्जा, भाषा, राष्ट्रचिन्हं... कलम अडलं की पुन्हा बोलणी, पुन्हा मतदान. २८ च्या सकाळी घटना ३१५ मतांनी मंजूर झाली. लागत होती ३००.

मग नोव्हेंबर २०००. पत्रकार ग्योर्गी गोंगाद्झे बेपत्ता झाला होता, आणि तारश्चाच्या जंगलात शिर नसलेला मृतदेह सापडला होता. कुचमांच्याच सुरक्षा दलातल्या मेल्निचेंकोने अध्यक्षांच्या दालनातली संभाषणं गुपचूप टेप केली होती. टेपांवरून गोंगाद्झे प्रकरणात कुचमांचाच हात असल्याचा आरोप झाला; त्यांनी तो कायम नाकारला, पण त्या टेपा आहेत हे संसदेत उभं राहून सांगितलं ते मोरोझनी. सत्तेतला अध्यक्ष समोर असताना!

खडूस_वाचक
सगळं मान्य. आता २००६ सांगा की! मार्चच्या निवडणुकीनंतर ४५० च्या सभागृहात तिमोशेंकोंच्या गटाच्या १२९ जागा, तेव्हाचे अध्यक्ष युश्चेंको यांच्या 'आमचा युक्रेन'च्या ८१, मोरोझच्या ३३. बेरीज २४३, म्हणजे बहुमत. जूनमध्ये या तिघांच्या 'नारंगी' आघाडीच्या करारावर सह्या झाल्या. आणि ६ जुलैला हे गृहस्थ यानुकोविच आणि कम्युनिस्टांच्या मतांवर सभापती! महिन्याभरात यानुकोविच पंतप्रधान. २००४ च्या नारंगी क्रांतीत, अध्यक्षपदाच्या निवडणुकीत यानुकोविचसाठी घोटाळा झाला म्हणून, लोक थंडीत किव्हच्या 'मैदान' चौकात उभे राहिले ते कुणाच्या विरोधात? मोरोझ तेव्हा त्याच मंचावर होते.

अरुंधती_के
तीन महिने घोळ कुणी घातला तेही सांगा. तिमोशेंकोंना पंतप्रधानपद, सभापतिपदासाठी युश्चेंकोंच्या पक्षाचे पोरोशेंको पुढे, आणि ज्याच्या ३३ जणांशिवाय सरकारच बनत नाही त्याने गप्प बसायचं? युश्चेंको आणि तिमोशेंको यांचं तर २००५ मध्येच फाटलं होतं.

नाना_फडतूस
म्हणजे खुर्ची मिळाली नाही म्हणून खंजीर. एवढंच ना? :)

रेवदंडेकर
नाना, थोडं थांबा. मोरोझचं गणित खुर्चीपुरतं नव्हतं. २००४ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत त्यांनी युश्चेंकोंना पाठिंबा दिला तो एका अटीवर : अध्यक्षाचे अधिकार कापून संसदेला द्यायचे. ८ डिसेंबर २००४ ला ती दुरुस्ती झाली, १ जानेवारी २००६ पासून लागू झाली. पंतप्रधान संसदेतल्या बहुमतातून येणार. युश्चेंकोंना ही दुरुस्ती कधीच पचली नाही. यानुकोविचना मात्र पंतप्रधान व्हायचं असल्यामुळे तेव्हा ती सोयीची होती. मोरोझ आपल्या दुरुस्तीच्या बाजूने गेले, असंही म्हणता येतं.

खडूस_वाचक
काय वकिली आहे! मतदारांनी दुरुस्तीला मत दिलं होतं की नारंगी आघाडीला? स्वतःच्या पक्षातले योसिप विन्स्की उघड विरोधात गेले, पुढे तिमोशेंकोंकडे गेले. आणि लोकांनी हिशेब चुकता केला की नाही ते बघा. २००६ मध्ये ५.६९ टक्के, २००७ च्या मुदतपूर्व निवडणुकीत २.८६. संसदेत जागा मिळण्याचा उंबरठा ३ टक्क्यांचा. पक्ष संसदेबाहेर, सभापती महाशय घरी. १९९९ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतही तेच : कानिव गावात चार इच्छुकांनी शपथा घेतल्या की कुचमांविरुद्ध एकच उमेदवार देऊ. शेवटी त्यांच्यातले मोरोझ आणि मार्चुक दोघंही रिंगणात, आणि कुचमा पुन्हा अध्यक्ष.

रेवदंडेकर
कानिवचा मुद्दा रास्त आहे. तिथे माझ्याकडे बचाव नाही. पण मतदारांनी शिक्षा केली म्हणजे धोरणही चुकीचं होतं, हे पटत नाही.

खडूस_वाचक
मग धोरणाचंच बघू. २०१० मध्ये यानुकोविच अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी घटना न्यायालयाने मोरोझची ती लाडकी दुरुस्ती रद्द केली. सगळे अधिकार यानुकोविचच्या खिशात. ज्याला पडत्या काळात हात देऊन पंतप्रधान केलं, त्याच्याच राजवटीत ती गेली. याला म्हणतात आपल्या हाताने पायावर धोंडा.

अरुंधती_के
आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये यानुकोविच पळाले, तेव्हा रादाने आधी काय परत आणलं? २००४ चीच दुरुस्ती. आज किव्हमध्ये पंतप्रधान संसद नेमते ती त्याच कलमांखाली.

नाना_फडतूस
मधे यानुकोविचविरुद्धच्या आंदोलनात त्याच मैदान चौकात शंभरेक माणसं गेली ताई. तीही त्याच हिशेबात धरा.

अरुंधती_के
धरते. पण ती मोरोझच्या एकट्याच्या नावावर नाही. युश्चेंको आणि तिमोशेंको यांनी पाच वर्षं एकमेकांचे पाय ओढले नसते, तर २०१० ला यानुकोविच निवडून आले असते का?