एक्झेक नको, पण ऑटोस्टार्ट हवाच

टीमक्स म्हणजे सर्व्हरवर चालणारं, कनेक्शन तुटलं तरी आतलं काम चालू ठेवणारं टर्मिनल. कुणीतरी सुचवलंय की बॅशआरसीत (शेल, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्राम, सुरू होताना वाचतो ती फाइल) सरळ ‘एक्झेक टीमक्स’ लिहा, म्हणजे सर्व्हरवर लॉगिन होताच टीमक्सचं सेशन सुरू. एक्झेकला माझा विरोध आहे. त्यात मूळ शेलची जागाच टीमक्स घेतो. उद्या तो उठलाच नाही तर तुम्ही सर्व्हरच्या बाहेर.

ऑटोस्टार्ट मात्र हवाच. मी गुहागरला घरून काम करतो. आषाढात तारेवर माडाचं झावळं पडलं की वीज गेली, राउटर बंद, एसएसएच (सर्व्हरशी दुरून केलेली जोडणी) तुटलं. गेल्या पावसात डेटाबेसचा बॅकअप मध्यावर असताना हेच झालं. तासाभराने लॉगिन केलं तर तीच विंडो समोर, शेवटच्या ओळीत शंभर टक्के! इतकं हायसं वाटलं.

बॅशआरसीत टीमक्स सुरू करण्याआधी दोन अटी घाला: शेल इंटरॅक्टिव्ह (माणूस कमांड टाइप करतो तसा) असावा, आणि टीमक्स नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (टीमक्सच्या आत असताना ते भरलेलं असतं) रिकामं असावं. नाहीतर एससीपी (एसएसएचवरून फाइल कॉपी करणं) मोडतं, आणि प्रत्येक नव्या पेनमध्ये (विंडोच्या भागात) टीमक्सच्या आत टीमक्स उघडायचा प्रयत्न होतो. टीमक्सच्या न्यू-सेशन कमांडला कॅपिटल ‘ए’चा पर्याय आणि ठरलेलं नाव द्या, सेशन असेल तर जोडतं, नसेल तर नवं काढतं.

आणि लॉगआउट केल्यावर टीमक्सच मरत असेल, तर लॉगिनडीच्या (लिनक्सवर युजरांचं लॉगिन सांभाळणाऱ्या सेवेच्या) कॉन्फिगमध्ये किलयूजरप्रोसेसेस ‘येस’ आहे का बघा.