हिवाळी चाकांना वेगळे सेन्सर हवेत की नकोत?

हिमवाट
बर्फ पडतो तिथे गाडी चालवणाऱ्यांना हा प्रश्न दरवर्षी पडतो. बहुतेकांकडे हिवाळी टायरचा रिमसकट दुसरा संच असतो. तो चढवला की चाकाच्या आत बसवलेले, हवेचा दाब सांगणारे सेन्सर उन्हाळी चाकांबरोबर कोपऱ्यात जाऊन बसतात. डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा, घोड्याच्या नालासारख्या आकाराच्या आत उद्गारचिन्ह असलेला, गाडी सुरू केली की मिनिटभर लुकलुकतो आणि मग पेटलेलाच राहतो. चार-पाच महिने.

माझं मत: दुसऱ्या संचातही सेन्सर बसवावेत. मी दोन हिवाळे बिनसेन्सरचे काढले. दुसऱ्या हिवाळ्यात मागच्या चाकात स्क्रू घुसला आणि हवा हळूहळू जात राहिली. रात्रीची वेळ, हायवे, काचा बंद. दिवा आधीपासूनच पेटलेला, तो नवीन काय सांगणार? गाडी मागून डोलायला लागली तेव्हा थांबलो. टायरची बाजू आतून घासून तिचा रबराचा भुगा झाला होता. मुलं मागे झोपली होती. त्यानंतर हा विषय माझ्यासाठी सोयीचा राहिलेला नाही.

जुनाड्रायव्हर
मुलं सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. तरीही असहमत.

अमेरिकेच्या नियमात दिवा पेटायची मर्यादा ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी अशी आहे. म्हणजे ३३ पीएसआयचा (हे दाबाचं एकक) टायर २५ च्या खाली जाईपर्यंत दिवा गप्प बसू शकतो. २७ पीएसआयवर महिनाभर गाडी चालली तर टायरच्या कडा झिजतात, बर्फाच्या चिखलात गाडी हवी तशी वळत नाही, आणि दिवा मात्र विझलेला. ज्याला दिव्याची सवय लागते तो दाब मोजायचा गेज हातात घेणं सोडतो. मी दर पंधरा दिवसांनी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, चारही चाकं मोजतो. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं म्हणजे, सेन्सरची बॅटरी आत सीलबंद असते. पाच ते दहा वर्षांत ती संपली की अख्खा सेन्सर टाकून द्यायचा. दोन संच म्हणजे आठ सेन्सर, त्यातले चार कायम कोपऱ्यात पडून. हे मला पटत नाही.

पाना_१२
चाकं बदलण्याचं काम रोज करतो, म्हणून थोडं सविस्तर.

सेन्सरचा एकच संच दोन्ही चाकसंचांत फिरवू नका. त्यासाठी वर्षातून दोनदा टायर रिमवरून उतरवावा लागतो. त्यात टायरची कड दुखावते, आणि टायर उतरवताना अवजार सेन्सरवर बसलं तर तोही जातो.

दुसरा संच घेतलात तर दोन वाटा आहेत. एक, नव्या सेन्सरचे नवे ओळखक्रमांक गाडीला शिकवायचे. काही गाड्या थोडं अंतर चालवल्यावर आपोआप शिकतात, काहींना मेनूमधून सांगावं लागतं, काहींना यंत्र जोडावंच लागतं, आणि ते दर मोसमात. दुसरी वाट क्लोनची: उन्हाळी सेन्सरचेच क्रमांक हिवाळी सेन्सरमध्ये लिहायचे. गाडीला फरक कळतच नाही, कधी शिकवायला नको. मी क्लोनच्या बाजूने आहे. एकच पथ्य पाळा, दोन्ही संच एकाच गाडीतून नेऊ नका. एकाच क्रमांकाने दोन सेन्सर बोलू लागले की आकडे भरवशाचे राहत नाहीत.

आणि व्हॉल्व्ह! बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ अ‍ॅल्युमिनियमचा व्हॉल्व्ह खातं. त्यात पितळी कोअर (हवा अडवणारा आतला बारीक भाग) घातला तर तो गंजून आतच जाम होतो, म्हणून निकेलचा मुलामा असलेलाच घाला. टोपी प्लास्टिकची लावा. धातूची टोपी अशी चिकटते की काढताना व्हॉल्व्ह तुटून हातात येतो.

शुभ्रा
सगळ्यांच्या चाकांत सेन्सर असतातच असं नाही. माझ्या गाडीत एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा, चाकांचा वेग मोजते, त्यावरून दाबाचा अंदाज काढतात, कारण हवा गेलेलं चाक किंचित लहान होऊन जास्त वेगाने फिरतं. मला काहीच विकत घ्यावं लागलं नाही, फक्त चाकं बदलल्यावर रीसेटचं बटण दाबायचं. पण आधी हवा मोजून नीट भरायची आणि मगच बटण. पहिल्या वर्षी मी उलटं केलं. कमी हवेलाच गाडीने 'बरोबर' मानलं आणि मला कित्येक दिवस कळलं नाही.

थंडीतला हिशोबही लक्षात ठेवा. २० अंशांच्या उबदार जागेत ३३ पीएसआय भरले, तर बाहेर उणे १० ला ते २८ च्या आसपास येतात. थंडीत चारही चाकं सारखीच उतरतात, आणि चाकांची आपसात तुलना करणाऱ्या गाडीला ते ओळखणं अवघड जातं. म्हणून गेजच्या बाबतीत मी जुनाड्रायव्हर यांच्या बाजूने.

हिमवाट
गेजला माझा विरोध कधीच नव्हता. पण गेज सकाळी मोजतो आणि स्क्रू दुपारी घुसतो. पंधरा दिवसांच्या मधल्या वेळेचं काय?

अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोररवरच्या फायरस्टोन टायरच्या अपघातांनंतर २००० साली कायदा झाला, आणि सप्टेंबर २००७ पासून सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या मोटारींना. माणसं गेली म्हणून आलेली गोष्ट आपण दर हिवाळ्यात हाताने बंद करून टाकतो. आणि दिव्यावर चिकटपट्टी लावणारेही मी पाहिलेत. ते तर अजिबात करू नका.

जुनाड्रायव्हर
मधल्या वेळेचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या गाडीवर मात्र मी गेजच ठेवणार. ती रोज माझ्या हाताखाली असते, आणि चालवताना जरा जड वाटली तरी मी उतरून पाहतो.

पण घरातली दुसरी गाडी मुलगी चालवते. ती रात्रपाळीला एकटी जाते आणि गेजला हात लावत नाही, कितीदा सांगून झालं. त्या गाडीला या महिन्यात चार क्लोन सेन्सर घालतो. पाना_१२, उन्हाळी सेन्सर नऊ वर्षांचे आहेत. त्यांचेच क्रमांक घ्यावेत का?

पाना_१२
घ्या, पण आधी चारही सेन्सर यंत्रावर वाचून क्रमांक लिहून ठेवा. नऊ वर्षांनी एखादा वसंतात जागाच होणार नाही, आणि मग त्याचा क्रमांक मिळवायला नाहक खटपट होते.