तारखा, भाकिते आणि अंतरीची जाग : इंदूरकरांचे अनुभव

उज्जैनचा पुढचा सिंहस्थ 2028 मध्ये आहे आणि त्याच्या नावाने आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर आतापासूनच युगपरिवर्तनाचे, नव्या चेतनेचे, अमुक तिथीनंतर माणूसच बदलून जाणार असल्याचे संदेश येऊ लागले आहेत. असे संदेश मी 2012 मध्येही वाचले होते, आणि माझ्या सासूबाई 1962 च्या अष्टग्रहीबद्दल जे सांगत त्यातला सूरही हाच असे. म्हणून हा धागा सुरू करीत आहे. अशा एखाद्या भाकिताच्या दिवसांत आपण काय ऐकले, प्रत्यक्ष काय पाहिले आणि आपल्या आत काही बदलले असेल तर ते कशाने, एवढे तीनच प्रश्न मनात ठेवून लिहावे, ही विनंती. कोणाच्या श्रद्धेची परीक्षा घेण्याचा हेतू नाही. मात्र आकाशाविषयी जे विधान कराल ते पारखून करावे, असा माझा आग्रह राहील. उज्जैनपासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्यांनी एवढे तरी पथ्य पाळलेच पाहिजे.

रामबागेतील एक निवृत्त गृहस्थ लिहितात :

मी तेव्हा शाळकरी होतो. फेब्रुवारी 1962 मध्ये सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ ग्रह मकर राशीत एकत्र आले आणि 3 ते 5 फेब्रुवारी या दिवसांत मोठा अनर्थ ओढवणार, अशी देशभर आवई उठली. ठिकठिकाणी यज्ञ आणि नामजप सुरू झाले. आमच्या वाड्यातल्या बिऱ्हाडकरूंनी प्रवास रद्द केले, आणि आई आम्हा मुलांना रात्री एकाच खोलीत निजवू लागली.

आजोबा पंचांग जाणणारे होते. अंगणाच्या फरशीत त्यांनी बारा अंगुळांचा शिसवी शंकू, म्हणजे सावली मोजण्याची उभी काठी, बसवलेला होता आणि मध्यान्हीची सावली टिपून ठेवण्याचा त्यांचा नेम होता. अनर्थाच्या त्या दिवशीही त्यांनी मला हाताला धरून अंगणात नेले. सावली साडेनऊ अंगुळांहून थोडी अधिक भरली, म्हणजे आदल्या दिवसापेक्षा किंचित आखूड, जशी उत्तरायणात असायला हवी तशीच. “सूर्य आपल्या वाटेने चालला आहे,” एवढेच ते म्हणाले. ग्रह दाखवा असा मी हट्ट धरला तेव्हा त्यांनी समजावले की ते सगळे सूर्याच्या आसपास आहेत, म्हणून दिवसाच्या उजेडात बुडाले आहेत. थोडी कळ काढ. मार्चमध्ये एका पहाटे त्यांनी मला गच्चीवर नेले आणि पूर्वेला शनी व गुरू दाखवले. ज्यांची आम्ही एवढी धास्ती घेतली होती ते दोन ठिपके मी किती तरी वेळ पाहत राहिलो. त्याच महिन्याच्या 21 तारखेला शंकूची सावली बरोबर पाच अंगुळे पडली. संपातदिनीच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या दिवसाच्या, या मध्यान्हीच्या सावलीला पलभा म्हणतात आणि इंदूरची पलभा पाच अंगुळे आहे, हे मला पुस्तकाआधी त्या फरशीने शिकवले. भीती त्यानंतर पुन्हा कधी शिवली नाही. आध्यात्मिक जागृती म्हणतात ती हीच का, हे मी सांगू शकत नाही. पण माझ्या नित्याच्या संध्येला अर्थ आला तो तेव्हापासून.

सुदामानगरातील एक संगणक अभियंते लिहितात :

माझा अनुभव 21 डिसेंबर 2012 चा आहे. दूरचित्रवाणीवर दिवसभर माया लोकांच्या दिनदर्शिकेचा अंत दाखवला जात होता, आणि आमच्या कार्यालयातील काही सहकाऱ्यांनी त्या रात्री सामूहिक ध्यान ठेवले होते. मी ध्यानाला गेलो; पण त्याआधी ती गणना समजून घ्यावी असे वाटले आणि बसल्या बैठकीला त्यात गुंतून गेलो. माया लोकांची दीर्घगणना म्हणजे निव्वळ दिवसांची मोजणी. वीस दिवसांचा एक विनाल, अठरा विनालांचा म्हणजे 360 दिवसांचा एक तुन, वीस तुनांचा कातुन आणि वीस कातुनांचा, म्हणजे 1,44,000 दिवसांचा, एक बाक्तुन. असे तेरा बाक्तुन, म्हणजे 18,72,000 दिवस किंवा सुमारे 5,125 वर्षे, त्या दिवशी पुरी झाली. आरंभाचा दिवस इ.स.पू. 3114 च्या ऑगस्टमध्ये येतो. मेक्सिकोतील पालेंके येथील शिलालेखात मात्र इ.स. 4772 मधल्या एका दिवसाचा उल्लेख आहे. 2012 मध्ये सारे संपणार असे तो कोरणाऱ्यांना वाटत असते, तर पुढची तारीख त्यांनी लिहिलीच नसती. शिवाय त्याच 2012 साली ग्वातेमालातील शुलतुन येथे सापडलेल्या भिंतीवरच्या आकडेमोडीचे संशोधन प्रसिद्ध झाले. तीतील कालखंडही या तथाकथित अंताच्या पुष्कळ पलीकडे जातात.

त्या रात्री सूर्य, पृथ्वी आणि आकाशगंगेचे केंद्र एका रेषेत येणार असेही सांगितले जात होते. अयनबिंदू, म्हणजे सूर्य उत्तर-दक्षिण दिशा पालटतो ती आकाशातली जागा, सुमारे 72 वर्षांत एक अंश सरकतो आणि सूर्याचे बिंब अर्ध्या अंशाचे आहे. त्यामुळे दक्षिणायनान्ताचा, म्हणजे 21-22 डिसेंबरचा, सूर्य आकाशगंगेच्या मध्यरेषेवर असण्याचा काळ एका रात्रीचा नसून तीसहून अधिक वर्षांचा आहे, आणि त्या काळाचा मध्य 1998 च्या सुमारास होऊन गेला. हे माहीत असूनही ध्यानात मला गाढ शांतता लाभली, आणि ती खरी होती. तिचे श्रेय मी तारखेला देत नाही, शेजारी निश्चल बसलेल्या माणसांना देतो.

या अनुभवाला माझी, म्हणजे धागा सुरू करणारीची, एक पुरवणी. कलियुगाचा आरंभ आपले ज्योतिषी इ.स.पू. 3102 मध्ये, 17 आणि 18 फेब्रुवारीच्या मधल्या मध्यरात्री, तीही उज्जैनच्या मध्यरात्री मानतात. माया आरंभाशी त्याचे अंतर जेमतेम साडेअकरा वर्षांचे, आणि ही जवळीक पुढे करून दोन्ही संस्कृतींना एकच गुप्त ज्ञान होते असे सांगितले जाते. पण कलियुगाचा आरंभदिन कोणी त्या रात्री जागून नोंदवलेला नाही. सर्व ग्रह मेषारंभाजवळ एकत्र होते अशी मध्यम (सरासरी) गतींची मांडणी करून सिद्धान्तकारांनी तो मागे मोजून काढला. आर्यभट स्वतः सांगतात की कलीची 3,600 वर्षे सरली तेव्हा, म्हणजे इ.स. 499 मध्ये, त्यांचे वय 23 होते. माया गणना वीसच्या पटींची आहे आणि तिचा या ग्रहयुतीशी संबंध नाही. शिवाय कलियुग 4,32,000 वर्षांचे. आपल्या घरच्या प्रत्येक पूजेत गुरुजी ‘कलियुगे प्रथमचरणे’ म्हणतात, पुढे ‘रेवायाः उत्तरे तीरे’ (नर्मदेच्या उत्तर तीरावर) म्हणून आपले ठिकाण सांगतात. हा संकल्प ज्याने कान देऊन ऐकला आहे त्याला युग पुढच्या वर्षी पालटणार हे पटणे कठीण आहे.

लोकमान्य नगरातील एक भगिनी लिहितात :

2012 च्या उन्हाळ्यात माझे यजमान गेले. त्या मनःस्थितीत एका ओळखीच्या बाईंनी मला एका शिबिराला नेले, जिथे डिसेंबरमध्ये उघडणाऱ्या दिव्य द्वाराची पूर्वतयारी करून घेतली जात होती. शुल्क मोठे होते आणि प्रत्येक टप्प्याला नवे शुल्क होते. ज्यांची तयारी अपुरी राहील त्यांचे दिवंगत आप्त खालच्याच स्तरावर अडकून राहतील, असे तिथे सांगण्यात आले. ते वाक्य आजही माझ्या मनातून जात नाही. शोक करणाऱ्या माणसाला असे सांगणे हा गुन्हा आहे असे मी मानते, आणि या धाग्यावर लिहिण्याचे माझे मुख्य कारण तेच आहे.

एवढे मात्र प्रामाणिकपणे नोंदवते की श्वासाकडे लक्ष देऊन बसण्याची सवय मला तिथेच लागली आणि ती अजून टिकून आहे. 21 डिसेंबरच्या पहाटे मी शिबिरात गेले नाही, गच्चीवर शाल पांघरून बसले. आग्नेयेकडे, शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीच्या उजव्या कडेने सूर्य वर आला. आठवड्या-दोन आठवड्यांनी पाहिले तरी तो जवळपास तिथेच उगवत होता. जानेवारीच्या उत्तरार्धात तो टाकीच्या मागे सरकला आणि फेब्रुवारीत तिच्या डाव्या कडेने बाहेर आला. त्या उन्हात बसून मी यजमानांशी मनातल्या मनात बोलत असे. दुःख गेले नाही. दिवस मात्र पुढे सरकतो आहे हे रोज डोळ्यांना दिसत होते आणि त्याचा मला फार आधार झाला.

या लेखनाने मी स्वतः हेलावून गेले आहे. भगिनींनी नकळत जे केले ते वराहमिहिरांनी सहाव्या शतकात शब्दांत सांगून ठेवले आहे. बृहत्संहितेच्या आदित्यचार या सूर्यगतीवरील अध्यायात ते लिहितात की दक्षिणायन पूर्वी आश्लेषांच्या अर्ध्यापासून होत असे, कारण पूर्वशास्त्रांत तसे म्हटले आहे. हल्ली, म्हणजे त्यांच्या काळी, ते कर्काच्या आरंभापासून होते. शास्त्रात सांगितले त्याहून वेगळे दिसले तर प्रत्यक्ष परीक्षणाने निर्णय करावा, असे सांगून ते रीतीही देतात : उगवत्या किंवा मावळत्या सूर्याचा दूरच्या खुणेशी वेध घ्यावा, अथवा मोठ्या वर्तुळात शंकूची सावली आत शिरते आणि बाहेर पडते तिथे खुणा कराव्यात. अयनबिंदू असा सरकत असल्यामुळे आज दक्षिणायन सुरू होण्याचा तोच बिंदू आणखी मागे, मृग संपून आर्द्रा लागतात तिथे आला आहे. वराहमिहिर शकुन आणि फलेही सांगतात, हे लपवण्याचे कारण नाही. पण शास्त्रवचन आणि आकाश यांत फरक पडला तर आकाशाकडे पाहा, असे म्हणणारा पुरुष याच अवंतीचा, म्हणजे उज्जैन परिसराचा, होता, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

राजेंद्रनगरातील एक शिक्षिका लिहितात :

21 जूनला मी विद्यार्थ्यांना घेऊन उज्जैनच्या वेधशाळेत जाते. जयपूरच्या सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात ही वेधशाळा बांधली, आणि मोडकळीस आलेल्या यंत्रांचा जीर्णोद्धार 1923 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी करवला. गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांकडे तिचे अधीक्षकपद होते. मुलांना त्या दिवशी सावली नाहीशी होण्याचे कौतुक असते. मी त्यांना खाली वाकून बारकाईने पाहायला लावते, कारण उज्जैन कर्कवृत्ताच्या सुमारे पाव अंश दक्षिणेला आहे. मीटरभर उंचीच्या शंकूला तिथे त्या दुपारी साडेचार मिलिमीटरांच्या आसपास सावली उरते, आणि ती दक्षिणेकडे पडते! खरे कर्कवृत्त उत्तरेला डोंगला गावाजवळून जाते. मागे एका मुलीने विचारले, “बाई, आपल्या पाठीमागे असणारा सूर्य आज डोक्यावरून पलीकडे गेला?” तिचा चेहरा त्या क्षणी उजळला. त्या उजळण्यापुढे मला दुसरी कोणतीही जागृती मोठी वाटत नाही.

स्नेहलतागंजातील एक सूनबाई थोडक्यात लिहितात :

माझे माहेर हिंदीभाषी, सासर मराठी. माझ्या माहेरी श्रावण सुरू होतो तेव्हा सासरी आषाढाचा वद्य पक्ष चालू असतो, कारण तिकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि इकडे अमावास्येला. आईचे श्रावणी सोमवार पंधरा दिवस आधी सुरू होतात. त्यामुळे कोणी ‘अमुक महिन्यात जगाचे असे होणार’ असे सांगितले की मी आधी विचारते, कोणत्या घरच्या महिन्यात?

टिळकनगरातील एक गृहस्थ लिहितात :

22 जुलै 2009 चे खग्रास सूर्यग्रहण इंदूरवरून गेले. आषाढी अमावास्या, म्हणजे आपल्याकडची दिव्यांची अवस होती. ढग दाट होते आणि सूर्यबिंब आम्हाला मुळीच दिसले नाही. सव्वासहा वाजून गेल्यावर नुकता उजाडलेला दिवस माघारी फिरला, पिंपळावरचे कावळे आधी कलकलाट करून मग एकदम गप्प झाले आणि गल्लीतले दिवे मिणमिणू लागले. घरात आईने आदल्या रात्री घासून पाटावर मांडून ठेवलेल्या समया होत्या. तिने ग्रहणाचे सारे नियम बाजूला ठेवून त्यातली एक लावली. आम्ही कोणीच बोललो नाही. ग्रहणाचे गणित मला ठाऊक होते, मिनिटे ठाऊक होती, आणि तरीही डोळ्यांत पाणी आले. गणित कळले म्हणजे भक्ती आटते असे म्हणणाऱ्यांना मी ही सकाळ सांगतो.

वैशालीनगरातील एक साधक लिहितात :

धाग्याचा सूर तारखांच्या विरोधात जातो आहे म्हणून लिहितो. 2016 च्या सिंहस्थात मी क्षिप्रेवर स्नान केले. लाखो माणसे एका मुहूर्तावर एकाच पाण्यात उतरतात तेव्हा माणसाचा मीपणा गळतो, हा माझा अनुभव आहे. ठरलेली घटका नसती तर आम्ही एकत्र आलोच नसतो.

साधक महाशयांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. सिंहस्थाची तारीख कोणाला धमकी देत नाही, बोलावते. गुरू सिंहेत आणि सूर्य मेषेत, एवढाच तिचा आधार, आणि तो कोणालाही रात्री आकाशात पडताळता येतो. गुरूची एक फेरी 11.86 वर्षांची असल्यामुळे सात फेऱ्या 84 ऐवजी 83 वर्षांत पुऱ्या होतात आणि कधीतरी पर्व बाराऐवजी अकरा वर्षांनी धरावे लागते. परंपरेने ही तफावत आकाश पाहूनच सांभाळली आहे.

इंदुरात शंकू लावून पाहण्याबद्दल काहींनी विचारले आहे. आपल्या अक्षांशावर सावली नाहीशी होण्याचे दिवस जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, मृग लागतो त्या सुमारास, आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतात. वेळ साडेबाराच्या आगेमागे. जुलैत ढगांचा भरवसा नसतो, म्हणून 23 सप्टेंबरच्या आसपासचा दिवस निवडावा. सपाट गच्चीवर ओळंबा लावून काठी उभी करावी आणि तिच्या सावलीच्या टोकाशी सकाळपासून दर अर्ध्या तासाने खडूची खूण करावी. त्या दिवशी सगळ्या खुणा पूर्व-पश्चिम अशा एका सरळ रेषेत पडतात आणि काठी बारा अंगुळांची असेल तर मध्यान्हीची सावली पाच अंगुळे भरते. आपापल्या गच्चीवरची मापे इथेच लिहावीत. रामबागेच्या काकांनी आजोबांच्या वहीतल्या नोंदी शोधून देण्याचे कबूल केले आहे. त्या हाती आल्या की शेजारी मांडून पाहू.