तीन महिने गाडी उभी राहणार: टाकी भरू की रिकामी ठेवू?

यावलकर: पेट्रोल गाडी आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी गावी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहील. खाली माती, पलीकडे केळीची बाग. आईला आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करायला सांगू का?

पाना१०: नका सांगू भाऊ. सेल्फ जेवढं खेचतो तेवढं पाच मिनिटांत जेमतेम भरतं, वर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. गाडी बंद करून दोन-तीन तासांनी बॅटरीला मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्जिंग. अर्धवट उतरलेली बॅटरी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं. मग १० नंबरच्या पान्याने काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर काढून कापडात गुंडाळा. हे अगदी शेवटी, कारण काही गाड्यांची डिकी त्यानंतर उघडतच नाही.

टाकी फुल. रिकाम्या जागेतल्या हवेतल्या बाष्पाचं रात्रीच्या गारव्यात पाणी होतं आणि इथेनॉलवालं पेट्रोल ते ओढून घेतं. टायरमध्ये ३३ ऐवजी ३८ पीएसआय भरा. हँडब्रेक सोडा, नाहीतर ब्रेकचे लायनर चिकटतात. पहिला गिअर टाका, चाकांना विटा लावा. लाकूड नको, वाळवी लागेल.

तापीकाठ: बॅटरी गेली तर फक्त बॅटरीचा खर्च, उंदीर मात्र पूर्ण वायरिंग खातो. कापूस, तूर निघाली की शेतातले उंदीर ऊब शोधत घराकडे सरकतात. एअर फिल्टरच्या तोंडाला आणि काचेखालच्या ब्लोअरच्या वाटेला पाव इंची लोखंडी जाळी बसवा. डांबरगोळ्यांचा वास महिन्यात उडतो. विष तर नकोच, उंदीर डॅशबोर्डमागे मरतो. सीटखाली शेंगदाण्याचा एक दाणाही राहू देऊ नका. प्लास्टिकचं कव्हर टाळा, आतून घामेजतं, सुती टाका.

यावलकर: बॅटरीची वायर काढली की मग रिमोट चालणार नाही ना?

पाना१०: नाही, रिमोटमधली साधी किल्ली वापरा. जाळी लावली की स्टिअरिंगला लाल चिंधी बांधा. परत आल्यावर जाळी तशीच ठेवून सेल्फ मारला तर इंजिनला हवा कमी पडू शकते. आधी फिल्टरचा डबा उघडून बघा, टायरची हवा ३३ वर आणा. डिस्कवर गंज धरलेला असतो, म्हणून पहिले दोन-चार ब्रेक गल्लीतच, हळू मारा.