घरातली प्रार्थना आणि आपली मुलं : कोल्हापूरकरांचे अनुभव

मंडळी, जय ख्रिस्त. संडे स्कूल आठवड्यातून एकदाच भरतं, बाकी सगळा वेळ मूल आपल्याजवळ असतं. पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकात (6:7) घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना मुलांशी वचनाबद्दल बोला असं सांगितलंय. कोल्हापूर आणि आसपासच्या ख्रिस्ती घरांत हे कसं घडतं, ते ऐकायचंय. उपदेश नको, घडलेलं लिहा.

आधी आमच्या घरचं. रात्री जेवणं झाली की एक गीत, थोडंसं वाचन आणि मग प्रत्येकाची एकेका वाक्याची प्रार्थना. मोठ्यांनी लांबवली की मुलं पेंगायला लागतात. दुसरीतली लेक शेजारच्या काकूंच्या गुडघ्यासाठी रोज मागते. सकाळी जिन्यात काकू भेटल्या की 'आता दुखतंय का?' हेही तीच विचारते. ही सवय तिला आम्ही लावलेली नाही.

आजी, शाहूपुरी

माझं नर्सिंग मिरजेला झालं. तिथल्या सकाळच्या भक्तीत पाठ झालेली गीतं आजही ओठांवर आहेत. नातवंडं इंग्रजी माध्यमात शिकतात, त्यामुळे मराठी पवित्र शास्त्र वाचताना अडखळायची. संध्याकाळी मांडीवर शास्त्र घेऊन ओळीखाली बोट धरायचं, एक वचन त्यांनी वाचायचं, एक मी, असं सुरू केलं. जोडाक्षर अडलं की थांबायचं, घाई करायची नाही. आता धाकटा स्तोत्र 23 न बघता म्हणतो.

गाण्याचं तर विचारूच नका! मी पेटी घेते, थोरला तबला. कवी ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, पण अभंगाचा बाज त्यांनी सोडला नाही. त्यांची गीतं 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकात आहेत. ठेका जमला की शब्द आपोआप पाठ होतात. पवित्र शास्त्रात प्रेषित पौल आपला तरुण सोबती तीमथ्य याच्या विश्वासाबद्दल लिहिताना आधी त्याच्या आजीचं नाव घेतो, लोईसचं, मग आई युनीकेचं. आज्यांनो, हे काम आपलंच आहे.

एक बाबा, मंगळवार पेठ

आमची गल्ली तालमीची. गणपतीत पोरगा घरी येऊन म्हणाला, 'सगळे आरती म्हणतात, मी काय करू?' मी सांगितलं, मित्राच्या घरी आदरानं उभा राहा, कुणाच्या देवाला नावं ठेवायची नाहीत, आणि आपण प्रार्थना येशूजवळ करतो हे विचारलं तर सरळ सांग. प्रसादाचा प्रश्न आला तेव्हा पवित्र शास्त्रातलं करिंथकरांस पहिलं पत्र उघडून 8 वा आणि 10 वा अध्याय दोघांनी मिळून वाचला; मूर्तीला वाहिलेलं खावं की नाही, याबद्दल तिथं लिहिलंय. आमच्या चर्चच्या मंडळीत यावर दोन मतं आहेत, तेही त्याच्यापासून लपवलं नाही. नाताळात तालमीची तीच पोरं आमच्या दारावर तारा टांगायला शिडी घेऊन येतात आणि करंज्या खाऊन जातात.

एक आई, पूरपट्ट्यातली

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात शिरलं. आम्ही नातेवाइकांकडे होतो. पोरगं रोज रात्री प्रार्थना करायचं, पाणी मात्र चढतच होतं. शेवटी त्यानं विचारलं, 'देव ऐकत नाही का?' माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं आणि मी ते रचलंही नाही. स्तोत्र 13 काढलं. त्यात दावीद देवालाच पुन्हापुन्हा विचारतो, कुठवर? पोरगं म्हणालं, 'म्हणजे असं विचारलं तर चालतं?' चालतं, म्हटलं.

पाणी ओसरल्यावर घरात चिखलाचा थर होता. सासूबाईंचं शास्त्र फुगलं होतं, पानं एकमेकांना चिकटली होती. पोरानं ते पंख्याखाली ठेवलं आणि दोन दिवस चमच्याच्या दांड्यानं एकेक पान हलक्या हातानं सुटं केलं. कडेला सासूबाईंनी शाईनं लिहिलेल्या तारखा पसरल्या होत्या, तरी वाचता येत होत्या. कुणाचा बाप्तिस्मा, कुणाचं आजारपण, कुठल्या दिवशी काय मागितलं. तो एकेक विचारत गेला, त्या सांगत गेल्या. आमच्या घराण्याची साक्ष त्याला तेव्हा कळली. माझ्या मते संडे स्कूलच्या कितीतरी धड्यांपेक्षा ते दोन दिवस मोठे होते.

कॉलेजचा विद्यार्थी

अकरावीत मी उपासनेला जाणं सोडलं होतं. वडिलांनी सक्ती केली नाही, पण पहाटे गुडघे टेकून ते माझं नाव घेतात हे मला ऐकू यायचं. पुढे दृढीकरणाच्या, म्हणजे आपला विश्वास मंडळीपुढे स्वतः कबूल करण्याच्या तयारीच्या वर्गाला मी माझ्या पायांनी गेलो.

एक आई, कसबा बावडा

माझी मुलगी दहावीत आहे. क्लास रविवारी सकाळीच असतो, उपासना बुडते. कुणी यातून वाट काढलीय का?

आजी, शाहूपुरी

आमच्या थोरल्याच्या वेळी क्लासच्या बाईंना भेटून दुपारची बॅच मागितली आणि मिळाली. जाताना मुलीला बरोबर घ्या आणि बोलू दे तिलाच. बॅच नाहीच मिळाली तर पाळकांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी बोला, संध्याकाळी कुणाच्या घरी प्रार्थना असेल तिथं तिला नेता येईल.