पीएचडीला संवादकौशल्य आणि नेतृत्व सक्तीचं करावं का?

उनाड_अणू (धागाकर्ता)

पीएचडीच्या चार-पाच वर्षांत आपण माणसाला एकच गोष्ट शिकवतो: एका बारक्या प्रश्नाचा पिच्छा पुरवणं. बाहेर पडल्यावर मात्र त्याच्याकडून भलतंच मागितलं जातं. ग्रँटचा प्रस्ताव लिहा, दोन ज्युनिअर सांभाळा, त्यांची भांडणं मिटवा, विषयाबाहेरच्या समितीला दहा मिनिटांत पटवा. यातलं जवळपास काहीच कोर्सवर्कमध्ये नसतं. 'बघून बघून येतं' असं ऐकवतात. कोणाचं बघून? गाईडचं. आणि गाईडला कोणी शिकवलंय?

ब्रिटनमध्ये २००२ साली सर गॅरेथ रॉबर्ट्स यांच्या अहवालाने अशा प्रशिक्षणाला वर्षाकाठी किमान दोन आठवडे द्या म्हणून सांगितलं. सरकारने त्यासाठी वेगळे पैसेही काढले. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. हे ऐच्छिक नको. क्रेडिट द्या आणि थीसिसइतकंच कडक तपासा.

या, ठोका.

तळटीप

ठोकतोच.

नेतृत्वाच्या कार्यशाळेत काय चालतं ते बघितलंय का कधी? आधी प्रश्नावली भरायची, मग माणसं चार रंगांत वाटायची. तुम्ही लाल, ही निळी. निळ्यांनी लालांशी कसं बोलावं याची एक पीपीटी. दुपारी चिकटचिठ्ठ्या भिंतीवर, संध्याकाळी प्रमाणपत्र. तोवर इकडे इनक्युबेटरमधल्या पेशी कोण बघणार?

संवादाचं तर विचारूच नका. क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये 'थ्री मिनिट थीसिस' ही स्पर्धा काढली. तीन मिनिटं, एकच स्लाइड, अ‍ॅनिमेशन नाही. गंमत म्हणून झकास. पण तीन मिनिटांत बसवायचं तर पहिली कात्री कशाला लागते? 'फक्त उंदरांमध्ये', 'प्राथमिक', 'नमुना लहान' या शब्दांना. संशोधकाने आयुष्यभर जपायचे तेच शब्द. टाळ्या मिळवायला शिकलेला संशोधक मला नको आहे. आधी विषय पक्का होऊ दे.

उनाड_अणू

वाईट कार्यशाळा असतात म्हणून शिकवूच नये? मग वाईट सांख्यिकीही शिकवतात की. ती बंद करायची?

अवकाशवेडी

तळटीप, मर्यादा गाळायला शिकवतात ही तक्रार रास्त आहे. पण मर्यादा नीट मांडता आल्या नाहीत तर काय होतं, तेही बघा.

जानेवारी २००३. कोलंबिया यानाने उड्डाण केलं आणि इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज बांधून नासाला स्लाइड्स दाखवल्या. त्यातली एक पुढे चौकशी अहवालात नमुना म्हणून छापली गेली. मथळ्याचा सूर दिलासा देणारा: चाचण्यांची माहिती सुरक्षित बाजूलाच आहे. खाली मुद्दे, उपमुद्दे, उपउपमुद्दे. 'सिग्निफिकंट' हा शब्द पाच वेळा, आणि दर वेळी नेमका किती ते गुलदस्त्यात. अगदी तळाच्या ओळीत खरी बातमी: चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा, इथला अंदाज १९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट! हाताशी असलेली माहिती या प्रसंगाला लागूच पडत नव्हती, आणि हे वाक्य मथळ्यात हवं होतं. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं. सात जण गेले.

या लोकांचा विषय कच्चा नव्हता हो. आकडा बरोबर होता, त्यांनी लिहिलाही होता.

खडूस_पोस्टडॉक

अवकाशवेडी, हे उदाहरण नेहमी अर्धंच सांगितलं जातं. पंखाचे फोटो मिळवा ही मागणी त्याच दिवसांत तीनदा झाली होती. एकदाही फोटो काढले गेले नाहीत. खालच्यांना बोलता येत नव्हतं, एवढंच नव्हतं ते. वरच्यांना ऐकायचं नव्हतं.

लॅबमध्येही हेच. विद्यार्थिनी सांगते की हा निकाल पुन्हा येत नाहीये. गाईड म्हणतो, पुन्हा कर. तिसऱ्यांदा सांगितलं तर 'तुझा हात बसलेला नाही'. हिला 'आत्मविश्वासाने कसं बोलावं'चा कोर्स लावून काय साधणार? तिची शिष्यवृत्ती, शिफारसपत्र, थीसिसवरची सही, सगळं त्याच माणसाच्या हातात. सक्ती करायचीच तर गाईड लोकांवर करा. धागा चुकीच्या पायरीवर उभा आहे.

अवकाशवेडी

मान्य. गाईडवरही करा. पण आजची विद्यार्थिनीच उद्या गाईड होणार आहे. तिला ऐकायला कोणत्या वर्षी शिकवायचं?

चहाटळ_गणिती

मध्येच टपकतो. आमच्या गटात महिन्यातून एकदा एक खेळ चालतो. एकाने स्वतःची एकच आकृती दुसऱ्या विषयाच्या माणसाला समजावायची. मग बोलणाऱ्याने गप्प बसायचं आणि ऐकणाऱ्याने तीच आकृती तिसऱ्याला सांगायची. सांगणं जिथे अडखळतं तिथे पहिल्याचं चुकलं. ना फी, ना प्रशिक्षक, ना रंग. आपण 'अर्थातच' म्हणून किती पायऱ्या खाल्ल्या ते चारचौघांत कळतं, आणि वायवापेक्षा जास्त घाम फुटतो.

तळटीप

हे आवडलं. पण हा विषयाचाच अभ्यास झाला, संवादकौशल्य वगैरे नव्हे. आणि नेतृत्व कुठे आहे यात?

उनाड_अणू

पेपरवर पहिलं नाव कोणाचं, हे प्रयोग सुरू व्हायच्या आधी बोलून ठरवणं म्हणजे नेतृत्व. दोघांना एकच मायक्रोस्कोप हवा असताना तक्ता कोण करणार? नवा मुलगा आला आणि सहा महिने काहीच जमेना, तर त्याला काय सांगायचं, कधी सांगायचं? हे प्रसंग प्रत्येक लॅबमध्ये घडतात आणि जो आधी चिडतो तो जिंकतो. यावर वर्षातून दोनदा नीट, लेखी अभिप्राय मिळाला तरी माझी तक्रार नाही.

खडूस_पोस्टडॉक

अभिप्राय कोण देणार? गाईडच?

उनाड_अणू

गाईड नाही. ज्या ज्युनिअरांना त्याने सांभाळलं, ते.

खडूस_पोस्टडॉक

मग तो नियम गाईडलाही लावा. त्यांचे विद्यार्थी लिहितील, नाव न घालता, आणि पुढचा विद्यार्थी द्यायच्या आधी विभाग ते वाचेल. एवढं होणार असेल तर तुमच्या सक्तीला माझं मत.

तळटीप

माझं अजूनही नाही. पण खडूस यांच्या दुरुस्तीला आहे.